तात्यांची बत्ती

तात्या गेल्याचा फोन आला तवा मी ओवीला भात भरवत हुते. तात्या म्हंजी माझं सासरं. दवाखान्यातनं आमच्या ह्यांचा फोन, एवढंच म्हणलं की संपलं, हॉल आवरून ठेव, माणसं येतील. मला रडू न्हाई आलं, भ्याच वाटलं, आन् भ्या कशाचं तर हॉलमधल्या बत्तीचं. आता तुमी म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. दिवेलागणीला तात्यांना आणलं, हॉलमधी निजवलं, सारं गाव गोळा झालं, आन् आत्याबाई, म्हंजी माझी सासू, रडता रडता थांबल्या, माझ्याकडं वळून हळूच म्हणल्या, "बत्ती कितीवर ठिवू गं?" कारण आजपतुर ते तात्या ठरवायचं, कोण आलंय ते बघून. आता तात्याच आलं हुतं... मी काय सांगणार. शेवटी त्यांनीच उठून पुरी केली.

चौकात फ्लेक्स लागला. तात्यांचा हात जोडलेला फोटू, खाली लिवलेलं, लहानथोरांना एकाच नजरेनं बघणारा दिलदार माणूस. मी नववी शिकलेली, सावकाश वाचती, पण ते वाचून मला हसायलाच आलं आन् लगेच मागं बघितलं, कुणी बघितलं न्हाई ना म्हणून. पेपरच्या पुरवणीत लोक गेलेल्या माणसाचं गोड गोड लिवत्यात. मला तसं जमायचं न्हाई. मी त्यांच्या घरात राहिले, त्यांची भाकरी थापली, मी बघितलं तेवढंच लिवणार.

आमचं गाव नेरे, पुण्याच्या कडंला. रस्त्याकडची जमीन बिल्डरला गेली, तिथं टॉवर उभं राहिलं, आन् आमी मागच्या वावरात बंगला बांधला, वर भाड्यानं द्यायला खोल्या. मी लग्न करून आले तवा हॉलला पांढरा रंग नुकताच दिलेला. पुढं वरसाभरानं तात्यांनी झुंबर आणलं, काचंचं, माणसाच्या कमरंएवढं. पण त्यांचं मन त्याच्यात न्हाई. त्यांनी बिल्डरच्या नमुन्याच्या फ्लॅटमधी बघितलं हुतं की भिंतीवर गोल कान असतोय, तो पिळला की बत्ती हळूहळू मोठी हुती, उलटा पिळला की बारीक हुती. आपल्याकडं तेच पायजे. दोन-चार दिवस घरात दुसरी गोष्ट न्हाई. मग गावातला वायरमन संपत आला. संपत म्हंजी तोंडात तंबाखू आन् सगळं येतंय असं सांगणारा. तो म्हणला, "तात्या, वेगळं काय लागतंय, पंख्याचा रेग्युलेटर बसवतो की, काम तेच करतोय." तात्यांना पटलं. मेन बंद केलं, मला हाक, ए सूनबाई, बॅटरी धर. मी सात महिन्यांची पोटुशी, हात वर करून बॅटरी धरलेली, संपतनं बोर्ड उघडला, आतनं वायरा अशा भायेर आल्या, आन् मी बॅटरीसकट मागं सरले, पोरासकट चिकटती का काय असं वाटलं, मेन बंद हुतं तरी. तात्या म्हणलं, "एवढी का भ्यायलीस, वायर काय सासू हाय व्हय?" आन् स्वतःच हसलं. आत्याबाई तिथंच उभ्या हुत्या.

मेन चालू केलं तर झुंबर माश्या घोंगावल्यावानी गुणगुणायला लागलं आन् बल्ब असं फडफडलं की मी डोळंच मिटलं. "संपत," तात्या म्हणलं, "मी झुंबर लाव म्हणलं हुतं, पिठाची गिरण न्हाई." दुसऱ्या दिवशी दोघं पुण्याला गेलं, बत्तीचा खरा कान, डिमर म्हणत्यात त्याला, आन् त्याच्यावर चालणारं बल्ब घेऊन आलं, परत मेन बंद, परत माझ्या हातात बॅटरी. ह्या बारीला जमलं. तात्या सोफ्याशेजारी खुर्ची घेऊन बसलं आन् जेवायची वेळ झाली तरी पिळत बसलं, मोठी, बारीक, मोठी, बारीक. पिवळा उजेड भिंतीवरनं चढायचा आन् उतरायचा. चांगलं दिसत हुतं, मला बी आवडलं. मला काय ठावं ते कशाला बसवलंय.

मग कळलं. तहसील कचेरीतला साहेब पौडवरनं आला, बत्ती पुरी. बिल्डरचा माणूस आला, पुरी. भावकीतलं कोण आलं की निम्मी. वरच्या खोलीतली आयटीतली पोरं, कुणी लातूरकडची, कुणी विदर्भातली, पाणी आलं न्हाई म्हणून सांगायला आली की तात्या बसल्या जागी हात लांब करायचं आन् बारीक. पोरं बिचारी अंधारात उभी राहून बोलायची आन् निघून जायची. तोंडानं तात्या कधी कुणाला वाईट बोललं न्हाईत, त्याच्यावरच त्यांचं नाव हाय. या बसा, पाणी घ्या, सगळं गोड. बोलायचं काम बोटं करायची. आन् भावकीतली माणसं, एवढी मिशीवाली, आत आली की आधी झुंबराकडं बघायची, आपल्याला किती हाय ते. निम्म्याच्या जरा वर असलं की दिवसभर खुशीत. त्यांची बी मला कीवच यायची.

माझी आय धरणाच्या वरच्या अंगाला राहती, भातशेती, तेवढंच. ती एसटीनं यायची, पिशवीत तांदूळ, पायाला धूळ. ती आली की बत्ती पार शेवटाला, वातीवानी. माझी आय त्या उजेडात सोफ्याच्या कडंवर बसायची आन् मला म्हणायची, किती छान गार वाटतंय गं तुमच्यात. तिला कळायचं न्हाई. का कळायचं... मी इचारलं न्हाई कधी. आमच्या ह्यांना एकदा म्हणलं, तुमी बोला की तात्यांना. ते म्हणलं, त्यांची हौस हाय, जाऊ दे ना. बापापुढं ह्यांची मान कायम खाली, फरशीचा रंग कुणाला इचारायचा तर ह्यांना इचारावा.

ओवी झाली. मी बाळाला घेऊन माहेरावरनं आले, उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला, आत पाऊल टाकलं, आन् झुंबर निम्मं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिला काय कळतंय, ती झोपलेली. पण मला तवापसनं जे भ्या बसलं ते बसलंच. कारण पुढं तात्यांना तिचा लळा लागला, ते खरं हाय, मांडीवर घेऊन बसायचं, आन् तिला काय शिकवायचं तर त्यो कान पिळायला. कुणी आलं की उचलून धरायचं, "कोण आलंय? बारीक का मोठं?" ती बोबड्या बोलात सांगायची, बरोबर आलं की शाब्बास. सगळी हसायची. मी आत चपात्या लाटत ऐकायचे आन् माझं लाटणं थांबायचं. ती चुकायची न्हाई. माणसाच्या चपलांकडं बघून सांगायची.

दहाव्याच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी मला सांगितलं, भांडी घासता घासता. नमुन्याच्या फ्लॅटमधी तात्या गेलं तवा आत एक जोडपं हुतं, शहरातलं, त्यांच्यासाठी सगळ्या बत्त्या पुऱ्या. ते भायेर पडलं आन् तात्या आत गेलं, धोतरावर चिखल, तर फ्लॅट दाखवणाऱ्या पोरानं त्यांच्याकडं बघितलं आन् कान पिळून बत्ती बारीक केली. ज्या जमिनीवर उभा हुता ती तात्यांचीच. "कुणाला बोलू नगंस," आत्याबाई म्हणल्या, "त्यांनी मला बी एकदाच सांगितलं हुतं." त्यांना वाटलं मी रडीन. मला दया यायला पायजे हुती, मी वाट बघितली, न्हाई आली. एवढं लागलं हुतं तर त्या पोराच्या कानाखाली द्यायची, न्हाईतर विसरायचं. ते घरी आणून आपल्या भिंतीत बसवायचं... आन् त्याच्याखाली माझ्या आयला बसवायचं. ह्याला मी काय म्हणू. फ्लेक्सवाल्यांनी म्हणावं.

तेरावा झाल्यावर आय भेटायला आली. आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडली, खरं रडली, त्या माणसासाठी. मी पाणी आणायला आत गेले. आले तर ओवी सोफ्याच्या हातावर चढलेली, कान पिळून बत्ती शेवटाला नेलेली, आन् माझ्याकडं बघत हुती, शाब्बासची वाट बघत. कुणी सांगितलं नव्हतं तिला. सांगणारा फोटूत जाऊन बसलेला.

दुसऱ्या दिवशी मी संपतला बोलवलं. ह्यांना न इचारता. संपत म्हणला, "तात्यांची आठवण काढून टाकती व्हय?" मी म्हणलं, "व्हय." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला पळून जावंसं वाटलं, पण बॅटरी मीच धरली. कान निघाला, तिथं साधं बटण आलं, काळं-पांढरं, चालू न्हाईतर बंद, मधलं काय न्हाई. आमचं हे संध्याकाळी आलं, बघितलं, आन् फरशीकडं बघत आत गेलं.

परवा आय परत आली. तांदूळ घेऊन. सोफ्याच्या कडंवर टेकली, पुऱ्या उजेडात, डोळं जरा बारीक करून, आन् मी मनात म्हणलं झालं बाई, सुटलो. मी स्वयंपाकघराच्या दारात पोचते न पोचते तोवर मागं टक् वाजलं आन् सगळा हॉल काळाकुट्ट.

"लाइट गेली वाटतं गं," अंधारातनं आय म्हणली.

मी म्हणलं, "व्हय, गेली."

भिंतीला चाचपत मी बोर्डाकडं गेले. बटणाच्या जागी माझ्या हाताला ओवीची बोटं लागली, बारकी, गरम, घट्ट दाबून धरलेली.