पट्टा लावलेल्या पिशव्या

आमच्या कंपनीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कधी माणूस बसत नसे. तिथे पिशव्या बसायच्या. कुणाच्या गावाहून आलेली ज्वारी, कुणाचं लोणचं, कुणा बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. गाडी चालवणारे मामा त्यांना सीटबेल्ट लावायचे आणि स्वतः मात्र मोकळे. "मी सांडत न्हाई, लोणचं सांडतंय," हे त्यावरचं उत्तर.

त्यांचं खरं नाव कंपनीच्या रजिस्टरात असेल. दिघीपासून चाकणपर्यंत ते पिशवीमामाच. माझ्याच लातूर भागातले, त्यामुळे माझ्यावर जरा जास्त हक्क. आई महिन्यातून एकदा ट्रॅव्हल्सनं पिशवी पाठवायची, मामा ती भोसरीला उतरवून घ्यायचे. हातात देताना म्हणायचे, "माईनं गाठ लई कसून मारलीय. रागावलीय तुझ्यावर. फोन कर." आणि खरंच मी आठवडाभर फोन केलेला नसायचा.

कुठली पिशवी कुणाची, हे ते कधी लिहून ठेवत नसत. गाठीवरून ओळखायचे. आत काय आहे, तेही विचारत नसत. मी एकदा म्हटलं, "मामा, निदान देणाऱ्याचं नाव तरी विचारत जा." तर म्हणाले, "विचारलं की माणसाला वाटतंय, ह्याचा आपल्यावर भरोसा न्हाई. मग परत कशाला देईल?" मी हसण्यावारी नेलं.

गेल्या वर्षी सकाळच्या शिफ्टला जाताना मोशीच्या पुढे वाहतूक हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली. कारण एवढंच, मामांनी पट्टा लावला नव्हता. शेजारची सीट बघून हवालदाराला हसू आलं. "मामा, पिशव्यांना पट्टा आणि तुम्ही मोकळे? एवढं काय आहे त्यात?" आम्हीही मागे हसलो. त्यानं सहज वरच्या पिशवीच्या गाठीला हात घातला, तसे मामा आडवे आले. "दुसऱ्याची गाठ हाय, साहेब. सोडू नका."

हवालदाराचं हसू तिथेच थांबलं. पिशवीत ज्वारीखाली गांजा निघाला.

दिघीच्या थांब्यावर कुणीतरी ती दिली होती, चाकणला कुणीतरी घ्यायला येणार होतं. मामांना दोघांचीही नावं माहीत नव्हती. "गाठ असती तर सांगितलं असतं," असं ते दोनदा म्हणाले. पण गाठ तर पोलिसांनी सोडली होती, आणि असल्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार?

पंचनाम्यात त्याच सीटवरची, आईकडून आलेली माझीही पिशवी उघडून बघितली. पोलिसांच्या गाडीत चढताना मामा मला म्हणाले, "लोणचं सरळ धर गं." मग कंपनीनं दुसरी गाडी पाठवली आणि आम्ही तेरा जण तिच्यात बसून शिफ्टला गेलो. हा माणूस सगळ्यांच्याच पिशव्या आणतो, हा जबाब मी दिला, पण चार दिवसांनी. त्या चार दिवसांची लाज अजून जात नाही.

आठ महिन्यांनी ते जामिनावर सुटले. केस चालू आहे. गाडी मात्र त्यांच्या हातून कायमची गेली. ड्रायव्हरशेजारच्या त्या सीटवर आता सुपरवायझर बसतो, पट्टा लावून, मोबाइल बघत. आईची पिशवी खोक्यातून कुरिअरनं येते, चिकटपट्टी लावून. ती रागावली आहे की नाही, काही कळत नाही. अशा वेळी मामांची फार आठवण येते.

दिवाळीला गावी जाऊन आल्यावर मी त्यांना भेटायला भोसरीला त्यांच्या मुलीकडे गेले. आईनं त्यांच्यासाठी मुद्दाम बांधून दिलेली पिशवी पुढे केली. मामांनी हात मागे घेतला.

"आधी सोडून दाखव," म्हणाले.

मी गाठ सोडली. आत शेंगदाण्याची चटणी होती आणि धपाटे होते. मामांनी वाकून दोन्ही नीट बघितलं. मग पिशवी मांडीवर घेतली आणि आईची ती गाठ होती तशी परत बांधायला बसले. बराच वेळ बसले. ती काही त्यांना जमली नाही.