पाच फेब्रुवारीचे आमीन

दापोलीकडच्या यूनुस परकारची उमेदीची सगळी वर्षे दुबईतल्या जबल अली बंदरावरच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवण्यात गेली होती. त्याच गोदामातला अन्वर पाकिस्तानातल्या सियालकोटचा. रोज सकाळी अन्वर कामाच्या ग्रुपवर दुआ टाकी आणि अजमानहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये पेंगत यूनुस तिच्याखाली ‘आमीन’ लिही. दुआ कुणाचीही असो, तिला आमीनवाचून सोडणे त्याच्या घरच्या वळणात बसत नसे.

पाच फेब्रुवारीलाही त्याने तसेच केले. शेजारच्या सीटवरचा सहकारी उल्हास साळवी त्याच्या मोबाईलमध्ये डोकावला.

“यूनुसभाई, हातांखालचा नकाशा बघितलात का?”

यूनुसने चित्र मोठे केले. दुआसाठी उचललेले हात, त्यांच्याखाली उर्दू ओळ, आणि अख्खा काश्मीर हिरव्या रंगात पाकिस्तानला जोडलेला.

“आज त्यांच्याकडे सुट्टी असते, काश्मिरींच्या पाठिंब्याची,” उल्हास म्हणाला. “आणि तुमच्या नव्या पासपोर्टची पोलीस चौकशी गावी व्हायचीय ना अजून? कुणी स्क्रीनशॉट पाठवला तर बसाल निस्तरत. डिलीट मारा, खलास.”

अंगठा तिथवर गेला आणि थबकला. आई गेली तेव्हा यूनुसला गावी पोहोचता आले नव्हते. अन्वरनेच खोलीवर माणसे जमवून तिच्या नावाने कुराण वाचून घेतले होते.

सकाळभर त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. माल भलत्याच रांगेत उतरवला गेला. दर खेपेनंतर तो फोन काढून पाही. आमीन आपल्या जागी होते.

दुपारी तो आणि अन्वर नेहमीप्रमाणे एकाच ताटात जेवायला बसले.

“पूरे ग्रुप में इंडिया वालों में आमीन कहने वाला अकेला तू निकला, यार,” अन्वर म्हणाला. “मेरी नानी उधर की थी, बारामुल्ला की.”

गप्प राहिले असते तरी निभावले असते.

“नक्शा मैंने देखा नहीं था, अन्वरभाई,” यूनुस म्हणाला. “मेरा पासपोर्ट अटक जाएगा.”

अन्वरचा घास हातातच राहिला. “तो मिटा दे. इस में पूछना क्या,” तो म्हणाला, आणि रश्शातला मोठा तुकडा त्याने यूनुसच्या बाजूला सरकवला.

तो चिडला असता तर बरे झाले असते. यूनुसने त्याच्यासमोरच आमीन पुसले. तुकडा मात्र ताटात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर अन्वरची दुआ आली. यूनुसने चित्र मोठे करून चारही कोपरे न्याहाळले. आजाऱ्यांना बरे कर, अशी शिफा मागितली होती, बाजूला गुलाब होता. त्याने पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिले. बस गोदामाच्या फाटकात शिरली, तरी त्याच्याने काही लिहवले नाही.