प्रतोदाच्या घरच्या पुऱ्या

पक्षाच्या प्रतोदाची बायको झालं की घरात दोन गोष्टी आपोआप साठतात, कपबशा आणि किस्से! मतदानाच्या वेळी आपले आमदार सभागृहात हजर ठेवायचे आणि पक्षाच्या बाजूनं त्यांचे हात वर करवायचे, हे आमच्या ह्यांचं काम. आमच्या प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर. अधिवेशन आलं की आम्ही वर्ध्याहून तिथल्या दोन खोल्यांत मुक्कामाला जायचो.

*

केळझरकडचे दौलतराव आमच्या पक्षाचे आमदार. मतदानाला हजर राहण्याच्या हुकमाला 'व्हिप' म्हणत. एकदा व्हिपचं कार्ड टपालात कोपरा फाटून त्यांच्या घरी पोचलं. कोपरा फाटका, म्हणजे मयताची खबर! त्यांच्या घरी रडारड सुरू, शेजारणी गोळा झाल्या. दौलतराव वावरातून धावत आले. कार्ड वाचलं.

"कोणी नाई मेलं! सोमवारी हात वर कराले बोलावलं!"

*

नव्या आमदारांना ह्यांनी सोपी युक्ती सांगितली होती, "माझ्याकडे पाहा. मी हात वर केला की तुम्ही करा."

एकदा विरोधकांच्या ठरावावर मत घेताना ह्यांनी टोपी सावरली. मागच्या अख्ख्या रांगेचे हात वर!

अध्यक्ष म्हणाले, "ठराव विरोधकांचा आहे, बरं का!"

*

आमदार मधेच सटकू नयेत म्हणून हे माझ्या हातच्या विड्यांचा डबा लॉबीत घेऊन बसत. तलफ आली की मंडळी तिथंच सापडायची. विरोधी पक्षाचे एक गृहस्थही रोज यायचे.

एकदा रस्त्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, विडा तुमचा खाईन. मत मागू नका!"

*

मग कमी पटाच्या मुलींच्या शाळा बंद करायचा ठराव आला. ठराव आमच्याच पक्षाचा. पण 'शाळा जाऊ देणार नाई' असा शब्द दौलतराव गावच्या बायांना देऊन बसलेले.

हे सकाळी म्हणाले, "दौलतराव ऐकून नाई राह्यले. मतदान दोनले हाय. ते होयेपर्यंत त्यायले घरीच जेवाले बसवून ठेवजो."

ताटात अन्न टाकून उठायचं नाही, ही दौलतरावांची रीत. ते उठायला लागले की मी गरम पुरी वाढायची. दीड वाजला.

"वहिनी, गावात बायांले काय तोंड दाखवू?"

मी अशाच शाळेतून मॅट्रिकपर्यंत पोचलेली. आमच्या वर्गात आम्ही चौघीच होतो.

"भाऊजी, पुऱ्या संपल्या," मी म्हटलं.

त्यांनी भरल्या परातीकडे पाहिलं. शेवटचा घास खाल्ला, हात धुतले आणि टांगा गाठला.

ठराव एका मतानं पडला.

संध्याकाळी हे जेवायला बसले. मी परातीवरचं फडकं काढलं. ह्यांनी चार पुऱ्या खाल्ल्या.

"दुपारी संपल्या होत्या म्हणे?"

"हो."

"बरं. अजून दोन वाढ."