मायनस आठचं काय करायचं

नागपुरात सक्करदऱ्याच्या एका क्लासमध्ये मी गणिताच्या शंका सोडवायला बसते. शाळेतून निवृत्त झाले, पण घरी करमेना, म्हणून हे काम धरलं. जिना चढून आलं की एक टेबल, शेजारी घरघरणारा कूलर आणि समोर दहावीच्या पोरापोरींची रांग. याला सगळे ‘डाउट काउंटर’ म्हणतात. वीजबिल भरायच्या खिडकीसारखं ते चालावं अशी क्लासच्या सरांची अपेक्षा असते. पोरानं पुस्तकावर बोट ठेवायचं, उत्तर घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. हे प्रकरण माझ्या डोक्यात पहिल्याच दिवशी गेलं होतं.

कारण शंका बोटाखाली नसतेच. वर्गसमीकरण अडलं म्हणून आलेला पोरगा खरं तर अपूर्णांकातच अडकलेला असतो. “छेद सारखा कशाला केलास?” विचारलं की उत्तर ठरलेलं: “तसंच असते मॅडम.” या ‘तसंच असते’चा मला मनस्वी राग आहे. गणितात तसंच असं काहीही नसतं. कुणीतरी पोराला गप्प बसवण्यासाठी ते एकदा म्हटलेलं असतं आणि पोरगं जन्मभर गप्प बसतं.

एका दुपारी रांगेतून एक मुलगी आली. उमरेडची, दहावीसाठी इथे मामाकडे राहिलेली. गणित साधं होतं: एका शेताची लांबी रुंदीपेक्षा दोन मीटर जास्त, क्षेत्रफळ अठ्ठेचाळीस, तर रुंदी किती? तिनं ते बरोबर सोडवलं होतं. उत्तरं दोन आली होती, सहा आणि मायनस आठ. खाली रीतीप्रमाणे लिहिलंही होतं की रुंदी ऋण नसते, म्हणून मायनस आठ अमान्य.

“बरोबर आहे की. शंका काय?”

“मॅडम, फेकूनच द्याचं होतं, तर ते आलंच काहून?”

मला इतका आनंद झाला की मी पेन खाली ठेवलं. “बस,” म्हटलं. “आता त्या मायनस आठमध्ये दोन मिळव.”

“मायनस सहा.”

“आता दोघांचा गुणाकार कर.”

तिनं केला. अठ्ठेचाळीस आले. तिनं पुन्हा एकदा करून पाहिला. रांगेतली पोरं कुरकुरायची थांबून पुढे वाकली.

“आपण समीकरणाला काय विचारलं होतं, सांग नं वं,” मी म्हटलं.

“दोनचा फरक पाहिजे अन् गुणाकार अठ्ठेचाळीस पाहिजे.” मग एकदम तिचा चेहरा उजळला. “म्हणजे त्याचं काही चुकलंच नाही मॅडम! हे वावर आहे, हे आपणच त्याले सांगतलं नव्हतं!”

मी इतकी वर्षं शिकवलं, पण याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारच्या टेस्टमध्ये तिनं प्रत्येक उत्तर असंच उलटून तपासलं आणि पेपर अर्धा राहिला. सोडवलेलं सगळं बरोबर, पण मार्क कमी. सरांनी तिचं नाव दुसऱ्या बॅचमध्ये टाकलं. दुसरी बॅच म्हणजे फक्त पास व्हायची बॅच. तिथे शाब्दिक उदाहरणं सरसकट ऑप्शनला टाकतात. मुलीला अकरावीत गणित घ्यायचं होतं, आणि मामांनी आधीच बजावलं होतं की जमत नसेल तर परत उमरेड. हे सगळं तिनं टेबलापाशी येऊन मला सांगितलं.

मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले.

“मॅडम, तुम्हीच तिले नादी लावलं,” ते म्हणाले. “एका डाउटले अर्धा तास देऊन राहिल्या तुम्ही. परीक्षेत ‘काहून’ले मार्क नाही भेटत.”

“विचार करणाऱ्या पोरीला तुम्ही मागे ढकलताय आणि न विचार करणाऱ्यांना पुढे बसवताय. हा क्लास आहे की पोपटांचा पिंजरा?”

“मग घ्या ना तुम्हीच दुसरी बॅच. कोणी तयारच नाही तिथं शिकवाले.”

त्यांना वाटलं, मी गप्प बसेन. “घेतली,” मी म्हटलं, “आणि एकही धडा ऑप्शनला टाकणार नाही.” बाहेर आले आणि तशीच दुसऱ्या बॅचच्या वर्गात शिरले.

या बॅचला ‘ढ’ म्हणायची पद्धत आहे. माझ्यासमोर कुणी म्हणून बघावं! या पोरांना इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय वाटतं. पहिले काही दिवस ती माझ्याकडे नुसती टकामका बघायची. मग एक पोरगा मागून म्हणाला, “मॅडम, शून्यानं भागाचं नाही म्हणते. काहून?” पुढच्या बाकावर बसलेली उमरेडची मुलगी गर्रकन मागे वळून त्याच्याकडे बघून हसली.

मी फळ्यावर बारा भागिले शून्य लिहिलं. म्हटलं, “शून्याला कितीनं गुणलं म्हणजे बारा येतील, शोधा. सापडेपर्यंत कुणी वहीत काही लिहायचं नाही.” सगळ्यांनी पेनं खाली ठेवली.

नेमके तेव्हाच सर दारात आले. सोबत तिचे मामा. भाचीला न्यायचं का ठेवायचं, ते ठरवायला आले होते. सरांनी वर्गाकडे हात केला. “पाहा तुम्हीच. एक तरी पोरगं लिहून राहिलं का?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती उभी राहिली.

“मामा, जरा थांबा नं,” ती म्हणाली. “विचार करून राहिलो आम्ही.”

मामांनी दारात चपला काढल्या. मग आत आले आणि शेवटच्या बाकावर बसून फळ्याकडे बघू लागले.