अजून माती आलेली नाही

बसण्यात हयात घालवणारी माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत, पण बसण्याचा दरारा निर्माण करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो कॉलेजात असताना माझ्याच खोलीत राहायचा. मी तापीकाठचा गुजर, केळीच्या मळ्यात वाढलेला. कुणी 'सरक' म्हटलं की आधी सरकायचं आणि मग का ते विचारायचं, हा माझा स्वभाव. हा अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला भिल्ल. अंगानं काटकुळा, पण एकदा बूड टेकलं की तहसीलदार आला तरी हलणार नाही. आमच्या खोलीत देवाची तसबीर असायची त्या जागी त्यानं अमेरिकेचा नकाशा लावला होता. वाचनालयात गेला की पेपरचं परदेशी बातम्यांचं पान पहिल्यांदा बळकावायचा. तिकडचे काळे विद्यार्थी खाणावळीत बसतात, वाढलं नाही तरी उठत नाहीत, हे त्यानं शाळेत असताना कुठंतरी वाचलं होतं, आणि तेव्हापासून ती सगळी मंडळी त्याच्या नात्यात जमा झाली होती. एका सकाळी मला गदागदा हलवून म्हणाला, "आपला पोरेस्नी काल कचेरी धरी लिधी!" डोंगरातल्या पोरांनी कचेरी ताब्यात घेतली की काय म्हणून मी डोळे चोळत विचारलं, "कोठली, धडगावनी?" तर माझ्या अज्ञानाची कीव करत म्हणाला, "नही रे, अमेरिकानी!"

कॉलेजच्या गावातल्या हॉटेलात तेव्हा डोंगरातल्या माणसाला चहा बाहेर, पायरीवर आणि वेगळ्या कानतुटक्या कपात मिळायचा. हा सरळ आत गेला आणि गल्ल्यासमोरच्या बाकड्यावर पुस्तक उघडून बसला. शेठजी मारवाडचे, पण भांडण अहिराणीत करायचे. "अरे भाऊ, उठ ना! हाई हाटेल शे, तुन्हं घर नही." हा म्हणाला, "चहा दे, मंग उठसू." सकाळची भजी संपली, दुपारचा चिवडा संपला, याचं पुस्तक काही संपेना. रोज हाच प्रकार. शेवटी शेठजींनी कंटाळून काचेच्या ग्लासात चहा आणून आदळला. यानं तो सावकाश, फुंकर मारत संपवला, आणि बाहेर पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "आते त्याले." आणि पुन्हा बसला. त्या शेठजींइतका हताश माणूस मी पुढं पाहिला नाही.

पण त्याची खरी बैठक झाली ती इतिहासाच्या पायी. वर्गात सर वाचत होते, 'भिल्लांच्या बंडाळीचा बंदोबस्त करण्यात आला.' हा उभा राहिला. शाळेतलं कडक इस्त्रीचं मराठी काढून म्हणाला, "सर, या वाक्यात माझे पणजोबा आहेत. त्यांचं पुढे काय झालं?" वर्ग खदखदला. सर म्हणाले, "ते परीक्षेला नाही." झालं. त्याच आठवड्यात पेपरात आलं होतं की तिकडचे काळे विद्यार्थी आपला इतिहास विद्यापीठात शिकवा म्हणून अडून बसलेत. हा प्राचार्यांच्या दारात जाऊन बसला.

प्राचार्य भले, पण भित्रे. रोज त्याला ओलांडून आत जाण्याचा त्यांना वैताग आला. शेवटी म्हणाले, "एक तास देतो. तुमच्या इतिहासात शिकवण्यासारखं काही आहे असं दिसलं, तर विद्यापीठाकडे शिफारस करतो. नाही दिसलं, तर कॉलेजातून तुझं नाव काढतो." हा कबूल झाला आणि डोंगरातून मामाला घेऊन आला. मामा गाण्यांतून कुळकथा सांगणारा, फेटा बांधलेला, प्राचार्यांकडंही वरून पाहणारा. त्यानं सुरुवात केली ती थेट जग निर्माण होण्यापासून. आधी नुसतं पाणी, असं हा आम्हाला कडव्याकडव्याला मराठी करून सांगत होता. आम्ही वाट पाहतोय, पाणी काही हटेना. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा जमीनसुद्धा तयार झाली नव्हती, मग भिल्लांचं बंड कुठलं? प्राचार्य घड्याळाकडं पाहत म्हणाले, "त्यांना म्हणावं, जरा इतिहासावर या."

मी याची बाही ओढली. यानं मामाला नुसतं 'मधलं सोडून बंडाचं सांग' म्हणायचं होतं. शिफारसही मिळाली असती आणि नावही राहिलं असतं. पण हा उठून म्हणाला, "सर, दुसऱ्यांच्या पुस्तकात आम्ही नेहमी मधेच येतो. आज सुरुवातीपासून येणार. अजून माती आलेली नाही." प्राचार्य निघून गेले. मामा दिवस मावळेपर्यंत गात राहिला, ऐकायला जमलेली कॉलेजातली डोंगरातली पोरं हलली नाहीत, आणि आमचा शिपाई पुढच्या घंटा द्यायलाच विसरला. मला मामाच्या बोलीतलं अक्षर कळत नव्हतं, पण इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या निकालाचाही कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचं नाव कमी झालं. ट्रंक उचलून, नकाशाची गुंडाळी काखेत मारून तो गेला. खोली एवढी मोठी आहे हे मला तेव्हा कळलं.

काही वर्षांनी जीपनं त्याच्या गावी गेलो. तिथल्या शाळेत तो मास्तर झाला होता. मी जपून ठेवलेला पेपर दिला: अमेरिकेत विद्यापीठांनी काळ्यांचा इतिहास शिकवायला सुरुवात केली होती. त्यानं बातमी पुन्हापुन्हा वाचली. "जितनात आपला," एवढंच म्हणाला, आणि डोळे पुसले. मग पोरांना गोळा करून तो मामाचंच गाणं गाऊ लागला. मामा आता नव्हता. खालून जीपचा हॉर्न वाजला. ती गेली की परतीची सोय नव्हती. मी उठलो. गाणं न थांबवता त्यानं माझा हात धरला, आणि कडव्यांच्या मधे हळूच म्हणाला, "बठ खाले. आजून माटी उनी नही."

हॉर्न पुन्हा वाजला. मी बसलो.