खिम्याची चिठ्ठी

मला दुकानात बोलता येत नाही. घरात मी बोलते, भांडी घासताना गुणगुणतेही. पण समोरच्या माणसाने "काय पाहिजे?" असं विचारलं की घशात काहीतरी अडकतं. म्हणून लग्न होऊन पुण्याला आले तेव्हापासून मी चिठ्ठी घेऊन जाते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर चांगलं आहे. गुरुजी माझी पाटी वर्गाला दाखवायचे.

चिठ्ठीत मी नुसतं सामान लिहीत नाही, कारणही लिहिते. 'रवा जाड, कारण उपमा करायचा आहे.' 'दोरा काळा, कारण छत्री शिवायची आहे.' कोणी "का?" विचारलं तर उत्तर द्यायला नको, एवढ्याचसाठी. आमच्या वाण्याला त्याची सवय झाली आहे. तो वाचतो, मान हलवतो आणि सामान बांधतो.

मटणाच्या दुकानात मात्र मी कधी गेले नव्हते. रविवारचं मटण आणायचं काम ह्यांचं. दुकान आमच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. सकाळी आठपासून तिथे रांग लागते आणि रांगेत सगळे पुरुष. हे पिशवी घेऊन जायचे, मी वाटण करून ठेवायचे, आणि जेवताना नळी सासूबाईंच्या ताटात पडायची. नळी त्यांचीच, त्यात कोणी वाद घालायचा नाही. सासरे गेल्यावर त्या वर्ध्याकडून आमच्याकडे वाघोलीला राहायला आल्या, त्या दिवसापासूनचा हा नियम.

मग त्यांचे दात गेले. आधी दाढा, मग पुढचे, एकेक करत सगळे. ह्यांनी त्यांना सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात नेऊन कवळी करून आणली. ती बोचते म्हणून त्यांनी स्टीलच्या डबीत पाण्यात ठेवून दिली. लग्नाकार्याला तेवढी बाहेर निघते. एरवी पदर तोंडावर धरून बोलायचं. खाली फाटकाजवळच्या बाकावर बायका बसतात, तिथेही पदर तसाच. दोन वर्षं झाली, सोसायटीत कोणालाही कळलं नव्हतं.

एका रविवारी त्यांनी सांगून टाकलं, "मले आजपासून मटण नको. मन उडालं मायं."

हे म्हणाले, "माय, नळी तरी घे. चोखायची तर हाय."

"नाही म्हटलं ना! नळी घेतली तर लोक इचारतीन, फोडी काहून नाही घेत."

लोक म्हणजे आम्ही तिघं. मी, हे आणि आमची लेक. पण त्यांनी ठरवलं ते ठरवलं. त्या वरणभात खाऊ लागल्या आणि जेवताना भिंतीकडे बघू लागल्या.

मीही खरंच मन उडालं असं धरून चालले होते. पण एका रविवारी दुपारी मी गॅलरीत कपडे काढायला गेले आणि चिमट्यांची टोपली विसरले म्हणून परत फिरले. ओट्यापाशी सासूबाई उभ्या होत्या. मटणाच्या रिकाम्या पातेल्यात त्या भाकरीचा तुकडा फिरवत होत्या, कडेकडेने, एकही जागा न सोडता. तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मी टोपली न घेताच माघारी गॅलरीत गेले आणि उगीच दोन वेळा खोकले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात खिमा बसला. चावायचं काम नाही, आणि मटण ते मटणच. आम्ही पूर्वी ह्यांच्या कंपनीजवळ एका खोलीत राहायचो तेव्हा शेजारणीने मला खिमा शिकवला होता. पुढच्या रविवारी मी हळूच विचारलं, "आत्याबाई, खिमा करू का?"

"छे! ज्याचा तुकडा दिसत नाही, थे मी खात नाही. काय टाकते त्याच्यात कोणाले माहीत."

लेक म्हणाली, "आजी, मी आपलंच मटण मिक्सरमध्ये फिरवून देते की."

"त्या मिक्सरात तू काल चटणी काढली ना? मंग आता मले चटणीच समज आन् फिरव."

तरी ह्यांनी एकदा दुकानातून मशीनवर काढलेला खिमा आणला. पातेल्यात ओतला तर गुलाबी, गुळगुळीत गोळा. सासूबाईंनी वाकून पाहिलं. "हे मटण हाय का दात घासाचं मंजन?"

हे हसू दाबत म्हणाले, "माय, मंजन तुले कायले लागते?"

झालं. त्या दिवशी कोणीच धड जेवलं नाही. ह्यांनीही हात वर केले. "मी आता आणणार नाही. तुम्ही सासवा-सुना काय ते बघा."

पण रागारागात सासूबाई एक वाक्य बोलून गेल्या होत्या. "आमच्या गावी म्हाताऱ्या माणसाले खाटीक सत्तुरानं कुटून देत जाय, डोळ्यासमोर. थो खिमा! हे काय हाय?" बाकीचं सगळं मी सोडून दिलं आणि तेवढं धरून ठेवलं. म्हणजे त्यांना खायचं होतं. फक्त कोणीतरी समोर उभं राहून कुटून घ्यायला हवं होतं.

शनिवारी मी चिठ्ठी लिहिली. नेहमीपेक्षा मोठी झाली, कारण दुकान नवं आणि मागणी अवघड.

'मटण अर्धा किलो, मांडीचं. आधी धुऊन घ्या मग कुटा, कारण कुटल्यावर धुतलं तर चव पाण्यात जाते. मशीन नको, सत्तुराने माझ्यासमोर, कारण सासूबाईंचा मशीनवर विश्वास नाही. थोडी चरबी राहू द्या, कारण त्याशिवाय तर्री येत नाही. अगदी बारीक करा, कारण सासूबाईंना दात नाहीत आणि हे त्या कोणाला सांगत नाहीत.'

घडी घालून चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. रात्री ह्यांना म्हटलं, "उद्या मी जाते." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान चालवायला निघाले आहे.

रांगेत मी शेवटी उभी राहिले, मान खाली घालून. वाटलं, कोणाचं लक्ष जाणार नाही. पण पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "अरे, ताईंना पुढे जाऊ द्या." रांग बाजूला झाली. मला पुढे जायचंच नव्हतं. पण नको म्हणायलाही बोलावं लागतं, म्हणून गेले.

"काय देऊ ताई?" दुकानदार आडदांड, आवाज त्याहून आडदांड. मी चिठ्ठी पुढे केली.

त्याने दोन्ही हात दाखवले. मनगटापर्यंत माखलेले. "कागद खराब व्हईल. तुम्हीच वाचा की."

मी चिठ्ठी उघडून त्याच्या तोंडासमोर धरली. तो पुढे वाकला आणि वाचायला लागला. मनात नव्हे, मोठ्याने. मागे मशीन चालू, त्यामुळे आणखी मोठ्याने. एकेक शब्द जुळवत तो 'विश्वास नाही'पर्यंत आला तेव्हा रांगेत हसू फुटलं. मला शेवटची ओळ आठवली. चिठ्ठी मागे घ्यावी असं डोक्यात आलं, पण तोवर तो तिथे पोचला होता.

"...कारण सासूबाईंना दात नाहीत आणि हे त्या कोणाला सांगत नाहीत."

मशीन नेमकी तेव्हाच थांबली.

रांगेत आमच्या सोसायटीतले, तळमजल्यावरचे काका होते. पेन्शनर माणूस, बोलणं तिरकस. ते म्हणाले, "वा! चिठ्ठी नव्हे, निकालपत्र आहे. कारणांसकट."

सगळे हसले. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. पण दुकानदार हसला नाही. त्याने ठोकळा खरवडून धुतला, मांडीचा तुकडा उचलून मला दाखवला आणि सत्तूर हातात घेतला. "माझ्या आईला पण मीच कुटून देतो, ताई. मशीनवरचं ती पण खात न्हाई."

मग सत्तूर पडायला लागला. टक टक टक टक, एका लयीत. मटण पसरायचं, गोळा करायचं, उलटायचं, पुन्हा पसरायचं. थोड्या वेळाने त्याने पात्यावर चिमूटभर घेऊन माझ्यापुढे धरलं. "एवढं बास?"

मी बघितलं. त्यात अजून एक शीर दिसत होती. ती हिरड्यांना लागली असती.

"अजून," मी म्हटलं.

आवाज माझाच होता. पुन्हा सत्तूर पडला. पुन्हा त्याने विचारलं आणि मी पुन्हा म्हटलं, "अजून." मागून कोणीतरी कुरकुरलं तर काकाच म्हणाले, "थांबा हो. आजींचा प्रश्न आहे." तिसऱ्यांदा मी "बास" म्हटलं आणि स्वतःहून वर जोडलं, "छान झालं."

पिशवी घेऊन निघाले तेव्हा पाय हलके झाले होते. अर्ध्या वाटेत काका स्कूटरवरून पुढे गेले, हात हलवून. मी भराभर चालायला लागले. रविवारी सकाळी सासूबाई फाटकाजवळच्या बाकावर बसतात, आणि काका त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय आत जात नाहीत.

मी पोचले तर बाकावर बायका होत्या, सासूबाई नव्हत्या. बायकांनी माझ्या पिशवीकडे बघितलं.

घरात त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी चप्पल काढायच्या आतच सुरू झाल्या. "थो बुढा मले काय म्हणे, ठाऊक हाय? 'आजी, आज चंगळ हाय, दात नसले तरी चालते.' साऱ्या बायकांसमोर! माया तोंडाचा कागद तू दुकानात वाचून घेतला, वं?"

हे काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनाही "तू गप रे" झालं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "मी जेवत नाही. सांगून ठेवते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण खिमा तसाच ठेवण्यासारखा नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले. कांदा आणि सुकं खोबरं गॅसवर भाजलं, खसखस परतली, दगडफूल, मिरे, लवंगा, सगळं पाट्यावर वाटलं. मिक्सर काढला नाही. तेलात वाटण टाकलं, ते परतलं, मग खिमा. मोठ्या आचेवर गोळे फोडत राहिले.

आतून आवाज आला, "तेल सुटल्याबिगर पाणी टाकजो नको."

मी म्हटलं, "नाही टाकत."

पुन्हा आतून, "जवारीचं पीठ लावलं का रशाला?"

"लावते."

"चिमूटभरच. मागच्या खेपेला लापशी झाली होती."

लेक दारात उभी राहून तोंडावर हात धरून हसत होती. मी तिला डोळ्यांनी दटावलं. तर्री वर आली, लाल, चमकणारी, आणि वास घरभर गेला. मी भाकरी थापायला घेतली. पहिली फुगली तेव्हा पलंग करकरला.

सासूबाई दारात आल्या. पदर तोंडावर. माझ्याकडे नाही, पातेल्याकडे बघत होत्या.

"त्या बुढ्याले कळलं म्हणजे त्याच्या बायकोले कळलं," त्या म्हणाल्या. "बायकोले कळलं म्हणजे साऱ्या वाघोलीले कळलं. आता झाकाचं काय राहिलं? उपाशी मरू का? वाढ."

आणि पदर तोंडावरून काढून त्यांनी खांद्यावर टाकला.

मी ताट वाढलं. त्यांनी आधी खिमा बोटांनी पसरून पाहिला, अगदी डोळ्याजवळ नेऊन. दाणा दाणा सुटा होता. "सत्तूर हाय," त्या म्हणाल्या. भाकरी कुस्करली, तर्रीत कालवली, खिमा मिसळला आणि पहिला घास घेतला. नुसत्या हिरड्यांनी, सावकाश, पूर्ण तोंड हलवत. आम्ही तिघं आपापल्या ताटात बघत बसलो. कोणाचाही घास उचलला जात नव्हता.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. "आन् दुसरी भाकर आण."

हे एवढ्या मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाईसुद्धा हसल्या, तोंड उघडून. दोन वर्षांत मी त्यांचं असं हसणं पाहिलं नव्हतं. रिकाम्या हिरड्या, गालाला दोन खळगे, ओठांना तर्री लागलेली. बाळासारख्या दिसत होत्या.

संध्याकाळी त्या खाली बाकावर गेल्या. मी खिडकीतून बघत होते, काळजीच होती. काकांच्या बायकोने काहीतरी विचारलं. सासूबाईंनी तोंडाचा आ करून सगळ्यांना दाखवला, मग सत्तूर चालवावा तसा हात वरखाली केला. बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या.

आता रविवारी मीच जाते. चिठ्ठी अजून लागते मला, ती काही सुटली नाही. दुकानदार माखलेले हात मागे घेतो, मी कागद समोर धरते, तो वाचतो, आणि रांगेतली माणसं कान देऊन ऐकतात. परवाची चिठ्ठी तर सासूबाईंनी पलंगावर बसून सांगितली, मी नुसती लिहून घेतली. मी म्हटलं, "आत्याबाई, शेवटचं नको लिहायला." त्या म्हणाल्या, "जसं सांगते तसं लिही. लोकाले कळू दे."

म्हणून लिहिलं: 'खिमा अर्धा किलो, बारीक. नळी एक, चांगली भरलेली, कारण चोखायले दात लागत नाही.'