बरक्याचं झाड

काल माझी शेवटची दाढ काढली आणि आज परसातून पिकलेल्या बरक्या फणसाचा वास आला. एकोणीसशे तीसच्या सुमाराची, पालीच्या याच घरातली एक दुपार आठवली.

मी तेव्हा नवी सून होते. माझे सासरे करकरीत कापा फणसाचे शौकीन. मऊ, बुळबुळीत बरक्याला ते ‘ढोरांचं खाणं’ म्हणत. परसातलं बरक्याचं झाड तोडायला त्यांनी सुतारालाही सांगून ठेवलं होतं. पण आता त्यांचे दात पडले होते. त्या दुपारी काप्याचा गरा बराच वेळ तोंडात घोळवून त्यांनी हळूच पानाआड टाकला. ते मी पाहिलं.

भीत भीत मी बरक्याचे गरे वाटीत घालून पुढे ठेवले.

“हे मला?”

“एक तरी घ्या, मामंजी.”

गरा जिभेवरून अलगद उतरला. ते क्षणभर डोळे मिटून बसले. मग वाटी पुढे करीत म्हणाले, “आणिक वाढ. आणि त्या सुताराला नको म्हणून निरोप धाड.”

तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याची सोय केली. आज त्याच झाडाचा गरा खाताना कळलं, सोय माझीही केली होती.

माझी सून बरक्याला नाक मुरडते. मुरडू दे, तिचे दात शाबूत आहेत. झाड मात्र थकलंय, म्हणून तिच्यासाठी मी एक आठळी पुरून ठेवली आहे.